कंबर आणि गुडघ्याचं जुनं दुखणं : ऑपरेशन, इंजेक्शन, पुडी की व्यायाम?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडगावचे एक मागवाले, वय ४९, घरचे दोन यंत्रमाग. सहा वर्षं कंबर दुखते, दोन वर्षांपासून उजवा गुडघाही. मधूनमधून उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत मुंग्या येतात. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांमधली एल ४-एल ५ची गादी बाहेर आलेली आणि एल ५-एस १ची सुकलेली. मिरजेच्या एका सर्जननी ऑपरेशन सांगितलं, बेळगावातल्या एकांनी मणक्यात इंजेक्शन. मेहुण्याचं म्हणणं पंचकर्म करा. शेजाऱ्यानं कुठल्याशा गावातून पुडी आणून दिलीय, ‘आठ दिवसांत उठून पळशील’ म्हणून. आणि बायको म्हणते, काय करायचं ते करा, पण माग बंद ठेवू नका. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘यातलं नेमकं काय करू ओ?’

मी बेळगावात बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. शहापूर-वडगावचे विणकर, उद्यमबागेतल्या फौंड्रीतले कामगार, खानापुराकडच्या भात लावणाऱ्या बायका, निपाणीच्या विडीवाल्या, सगळ्यांच्या कमरा बघितल्यात. कुणी कन्नडमध्ये ‘सोंट नोवु’ म्हणत येतं, कुणी ‘कंबर धरलीय’ म्हणत. तुम्हाला तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. पण तुमच्यासारखी फाइल माझ्याकडे आठवड्यातून तीनदा येते, म्हणून विचार कसा करायचा ते सांगते.

आधी त्या एमआरआयबद्दल. रिपोर्टातले शब्द वाचून माणूस अर्धा खचतो. ‘गादी सुकलीय’ हे ऐकल्यावर एकानं माझ्यासमोर बायकोला सांगितलं होतं, आता तूच बघ सगळं. २०१५ साली ज्यांना अजिबात कंबरदुखी नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र मांडून पाहिल्या गेल्या. विशीतल्यांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, पन्नाशीतल्यांपैकी ८० टक्क्यांच्या. गादी बाहेर आलेली पन्नाशीत ६० टक्क्यांत दिसली. म्हणजे काहीही न दुखता तुमच्याच वयाच्या, बाजारात पिशवी घेऊन फिरणाऱ्या माणसाला मशीनमध्ये घातलं तरी बहुतेक हेच लिहून येईल. डोक्याचे केस पांढरे व्हावेत तशी ही गोष्ट. रिपोर्ट खोटा नाही, पण तुमच्या दुखण्याचं कारण त्यानं सांगितलंय असं धरून चालू नका. त्याचा उपयोग तपासणीशी जुळला तरच. मुंग्या नेमक्या त्या नसेच्या वाटेनं येतात का, पायाचा अंगठा वर ओढायची ताकद कमी झालीय का, पाय सरळ उचलल्यावर कळ पोटरीत उतरते का, हे हातानं बघावं लागतं. मिरजेत किंवा इथं कुणी तुम्हाला टेबलावर झोपवून हे बघितलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

आता थांबायचं नाही अशा खुणा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली. सायकलची सीट टेकते तेवढ्या भागात बधिरपणा आला. पाऊल उचलेना आणि चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. सोमवारपर्यंत नाही, अमावास्या टळेपर्यंतही नाही. तसंच रात्री झोपेतून उठवणारं, कूस बदलूनही न थांबणारं दुखणं, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, म्हाताऱ्या माणसाचं घसरून पडणं, हे माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे गेलं पाहिजे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही म्हटलं तरी चालेल. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी खानापूर तालुक्यातली एक चौतीस वर्षांची बाई आली होती. लावणी करून कंबर धरलीय म्हणाली, मीही मान डोलावली. तीन आठवडे शेक दिला, व्यायाम घेतले. चौथ्या आठवड्यात तिची सासू सोबत आली आणि सहज बोलून गेली, ‘हिला दिवे लागले की अंग कणकणतं, ताटातली भाकरी तशीच ऱ्हाते.’ मी कधी विचारलंच नव्हतं. मणक्याचा टीबी निघाला. औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळालं, वर्षभर घेतलं, आज ती बाई डोक्यावर भारा घेऊन चालते. पण ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून ताप आणि भूक विचारल्याशिवाय मी कुणाच्या पाठीला हात लावत नाही. घरी जनावरं असतील तर कच्चं दूध पिता का, जनावराचं वासरू गाभडलं होतं का, हेही विचारते, कारण जनावरांकडून येणाऱ्या ब्रुसेलोसिसच्या तापातही कंबर आणि सांधे दुखतात.

आणखी एक प्रश्न : सकाळी उठल्यावर आखडलेपणा किती वेळ राहतो? मिनिटं कुणालाच सांगता येत नाहीत, म्हणून मी विचारते, चहा होईपर्यंत मोकळं होतं की जेवणवेळ होते? चहापर्यंत मोकळं होत असेल तर बहुधा झिजेचं. तास-तासभर बोटं मिटत नसतील, बोटांचे सांधे सुजत असतील, तर संधिवाताची तपासणी हवी. पंचविशी-तिशीतला मुलगा पहाटे कमरेनं जागा होतो, हिंडल्यावर बरं वाटतं आणि पडून राहिलं की वाढतं, असं असेल तर तेही वेगळंच दुखणं आहे, त्याला मालीश करत बसू नये. चिकुनगुन्या होऊन गेलेल्यांचे सांधेही महिनोन्‌महिने दुखतात. तुमचं वर्णन यांतल्या कशात बसत नाही. गुडघा जिना उतरताना आणि मांडी घालून उठताना दुखतो, थोडं चाललं की सैल होतो, असं तुम्ही लिहिलंय. ते झिजेचंच वाटतं.

आता ती पुडी. तिच्यानं बरं वाटतं, यात मला शंका नाही. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक लागते, तोंडावर तेज येतं. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. सहा महिन्यांनी चेहरा चंद्रासारखा गोल, साखर वाढलेली, हाडं ठिसूळ, कातडी कागदासारखी. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तो सांधाच गेलेली माणसं मी बघितलीयत, त्यात पुडी खाणारे होते आणि रोज दारू पिणारे होते. तुम्ही ती अजून सुरू केली नसेल तर ठेवून द्या. महिनोन्‌महिने घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, त्यानं बीपी उतरून माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा.

गोळ्यांचं तुम्ही लिहिलंय की ‘मेडिकलमधून आणतो, दुखलं की एक’. तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांच्या पाच नावांपैकी दोन पाकिटांत डायक्लोफिनॅक आणि एकात त्याचाच चुलतभाऊ अॅसिक्लोफिनॅक आहे. नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी नसतात. दोन्ही एकाच दिवशी घेतली तर आराम दुप्पट होत नाही, पोट आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो. हेच डायक्लोफिनॅक टोचलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, हे मान्य. पण तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून सांगते : दुखणं फारच भडकलं की डॉक्टरांना विचारून पाच-सात दिवस, पोटाच्या गोळीसोबत, जेवून, आणि एकच. वर्षाचे बारा महिने नाही. गुडघ्यावर त्याच औषधाचं जेल चोळलं तर पोटाला त्रास जवळजवळ नाही आणि गुडघ्याला खरंच उपयोग होतो. कमरेवर चोळून तितका होत नाही, सांधा खोल असतो. आणि पॅरासिटामॉल? २०१४ साली ऑस्ट्रेलियात नव्यानं कंबर धरलेल्या १,६५२ जणांवर ते तपासलं, नुसत्या खोट्या गोळीपेक्षा लवकर कुणी बरं झालं नाही.

मणक्यातल्या इंजेक्शनचं काम मर्यादित आहे, पण आहे. पायात उतरणारी नसेची कळ असह्य असेल, झोप लागत नसेल, तर काही आठवडे ते दिलासा देतं. तेवढ्या काळात व्यायामाला सुरुवात करता येते. नुसत्या कमरेच्या दुखण्याला त्याचा फारसा उपयोग नाही. तुमच्या मुंग्या मधूनमधून आहेत, कळ नाही. आज मी त्या वाटेनं गेले नसते.

ऑपरेशनबद्दल लोक दोन टोकं गाठतात. एक, ‘मणक्याला सुरी लागली की माणूस कायमचा अंथरुणाला’. हे खरं नाही. दुसरं, ‘एकदा करून टाकू, किटकिट मिटली’. हेही खरं नाही. गादीचं ऑपरेशन पायाच्या दुखण्यासाठी असतं, कमरेच्या नाही, हे एवढं वाक्य लक्षात ठेवा. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे पायात उतरणाऱ्या नसेच्या कळेच्या, २८३ रुग्णांत काहींचं लवकर ऑपरेशन केलं, काहींना थांबवलं. २००७ साली निकाल आला : लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय आधी मोकळा झाला, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरं वाटतंय म्हणत होते. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच, तेही खरं. म्हणजे पायाची ताकद जात नसेल तर थांबून बघण्यात तुमचं काही बुडत नाही. आणि थांबून जमलं नाही तर ऑपरेशन करून घेण्यात कमीपणाही नाही. बाहेर आलेली गादी बऱ्याचदा शरीर आपणच हळूहळू शोषून घेतं. मिरजेच्या सर्जनना पुन्हा भेटाल तेव्हा एवढंच विचारा : ‘हे पायासाठी करताय की कमरेसाठी? सहा आठवडे थांबलो तर काय धोका?’ चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

गुडघ्याचं थोडक्यात. दुर्बिणीनं ‘साफ’ करून घेण्याची टूम अजून आहे. झिजलेल्या गुडघ्याला तिचा उपयोग नाही, २००२ साली नुसता वरवर छेद देऊन शिवलेल्या खोट्या ऑपरेशनशी तुलना करून बघितलं, काही फरक निघाला नाही. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन एखाददुसरं, सूज फार असेल तेव्हा. दर तीन महिन्यांनी टोचत दोन वर्षं बघितलं तेव्हा दुखणं मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनइतकंच राहिलं आणि कूर्चा जास्त झिजली. रक्तातून काढून टोचायचं ते पीआरपी महागडं आहे, आणि झिजेच्या गुडघ्यात मिठाच्या पाण्याला मागे टाकल्याचं नीट केलेल्या मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. सांध्यांसाठी म्हणून विकतात ते ग्लुकोसामाइनचे डबे घेतलेत तर संपवा, नवे आणू नका. सांधा बदलणं तुम्हाला आता नको. पुढे कधी वेळ आली तर माहीत असू द्या, ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला सरकारनं कमाल मर्यादा घातलीय, बिलात ती किंमत वेगळी दाखवायला सांगा. आणि वजन : एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं उतरतो. तुम्ही वजन ८४ लिहिलंय. आपला गोड कुंदा वर्षातनं दोनदा पुरे.

मेहुण्याच्या पंचकर्माला माझा विरोध नाही. कोमट तेल, शेक, हातानं दाबून मोकळं करणं, यानं स्नायू सैल होतात, माणूस आठ दिवस कुणीतरी आपली काळजी घेतंय म्हणून झोपतो, आणि झोप लागली की दुखणं उतरतंच. घरी निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतला तरी हरकत नाही. पण ते आठ दिवस संपल्यावर तुम्ही पुन्हा त्याच मागासमोर त्याच तऱ्हेनं उभे राहणार. डाग देणारा, पाय धरून झटका देणारा, यांच्याकडे मात्र जाऊ नका. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे कंबर ताणून धरणं, अल्ट्रासाउंडची मशीन, हे मी पहिली दहा वर्षं सगळ्यांना लावलं. माझ्या दवाखान्यातलं ट्रॅक्शनचं टेबल आता कपडे ठेवायला वापरते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात या तिन्ही गोष्टी नेहमीसाठी वापरू नका असं आहे. व्यायाम, समजावून सांगणं, मालीश-हाताचे उपचार, मनाचे उपचार हे करा असं आहे. माणसं ‘मशीन लावा ओ मॅडम’ म्हणतात तेव्हा मला अजूनही अवघड होतं, कारण मशीन लावलं की पैसे दिल्यासारखं वाटतं आणि ‘उठा-बसा’ सांगितलं की फसवल्यासारखं.

तर आता तुमचा माग. गेल्या वर्षी तुमच्याच गल्लीतल्या एका मागवाल्याच्या घरी मी जाऊन उभी राहिले होते. धागा तुटला की ते दोन्ही गुडघे ताठ ठेवून, पोट मागाच्या आडव्या लाकडाला न टेकवता, कमरेतून पुढे वाकायचे आणि डावीकडे पीळ देऊन गाठ मारायचे. कांडी बदलताना पुन्हा तेच, उलट्या बाजूला. तासाभरात मी छत्तीस वेळा मोजलं आणि मग मोजायचं सोडलं. खाली सिमेंट, पायात झिजलेली स्लीपर. आम्ही तीनच गोष्टी बदलल्या. वाकताना एक पाय पुढे टाकून त्याच्या गुडघ्यात थोडं वाकायचं आणि एका हाताचा आधार लाकडावर घ्यायचा. उभं राहायच्या जागी गोणपाटाच्या चार घड्या. आणि शेजारी वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा, त्यावर आळीपाळीनं एक पाय. शिवाय दर अर्ध्या तासाला कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचं. त्यांच्या मुलीनं त्याला ‘बाबांचं मागे बघणं’ असं नाव दिलंय. माग एक दिवसही बंद नव्हता. दोन महिन्यांनी दुखणं आहे म्हणाले, पण संध्याकाळी भजनाला मांडी न घालता खुर्चीवर बसून दोन तास टिकलो म्हणाले. मी तेच धरते.

व्यायाम तुम्हाला दाखवावे लागतील, पण सुरुवात सांगते. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. खुर्ची खाली वाटली तर दोन उशा घाला, आठवड्यानं एक काढा. खुर्चीत बसूनच पायाच्या घोट्याला दोन किलो तांदळाची पिशवी अडकवून पाय सरळ करायचा, पाच मोजायचे, हळू खाली. पालथं झोपून कोपरांवर उठायचं, दोन मिनिटं. यानं पायातल्या मुंग्या वर कमरेकडे सरकल्या तर चांगलं लक्षण, खाली पावलाकडे गेल्या तर थांबवा आणि मला सांगा. करताना दुखणार. दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पदावर आलं तर काही बिघडत नाही. सकाळीही जास्त असेल तर निम्मं करा, सोडू नका. आणि चालणं. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांच्या २०२४ मधल्या चाचणीत, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलेल्यांचं दुखणं परत यायला मधलं अंतर २०८ दिवस पडलं, न चालणाऱ्यांचं ११२. फुकटातलं औषध, वडगावातून येळ्ळूरच्या रस्त्यानं सकाळी निघा. सुरुवात दहा मिनिटांनी.

किती दिवस? सहा आठवडे मनापासून, तीन महिने नीट कळायला. दुखणं शून्यावर येईल असं मी सांगत नाही, सहा वर्षांचं आहे ते. पावसाळ्यात, पोरीच्या लग्नाच्या धावपळीत, कर्जाच्या हप्त्याच्या आठवड्यात ते वर डोकं काढेल. ते काढलं म्हणजे गादी आणखी सरकली असं नव्हे. सहा आठवड्यांत पायातली ताकद कमी व्हायला लागली किंवा कळ वाढली तर आपण सर्जनकडे जाऊ, मी स्वतः चिठ्ठी देईन.

गादीची फिल्म घेऊन येऊ नका, ती मी नंतर बघते. येताना त्या पाचही गोळ्यांची पाकिटं आणि पुडी आणा, वहिनींना सोबत घ्या, आणि मागावर घालता तीच स्लीपर पायात घालून या.